दोन की तीन

"परत चालवा."

गोठ्याच्या दारातून निघून गाय पाण्याच्या हौदापर्यंत चालत गेली, की चाचा एवढंच म्हणायचे. मालक दावं आवरून तिला वळवायचा, दारापर्यंत न्यायचा आणि पुन्हा हौदाकडे आणायचा. माझा आकडा तोवर वहीत लिहून झालेला असायचा. चाचा वाटेच्या कडेला उकिडवे बसलेले असायचे, पेन्सिल कानामागे, तोंड जरासं उघडं. गाय दुसऱ्यांदा हौदाशी पोचली की पुन्हा तेच, त्याच सुरात. "परत चालवा."

पिंपळीत एका मालकाचा धीर सुटला. तो म्हणाला, "चाचा, गाय हाय का नवरी? किती येळा चालवायची?"

चाचांनी गाईवरची नजर काढली नाही. "नवरीला येकदाच चालवून बघत्यात," ते म्हणाले. "म्हणून तर पुढं रडत बसत्यात."

गोठ्यातली सगळी माणसं हसली. मीही हसले. सासर सोडून, तीन वर्षांची मुलगी कडेवर घेऊन मी इंदापूरला माहेरी परतले होते, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. चाचांना ते ठाऊक नव्हतं.

चाचा आता नाहीत. त्यांच्याबद्दल बरंवाईट बोलणारी माणसं अजून आहेत, आणि त्यातल्या वाईट बोलणाऱ्यांना खरी गोष्ट माहीत नाही. ती मला माहीत आहे.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत गोठोगोठी फिरून गाईंचं लंगडणं मोजायचं, असं आमचं काम होतं. एका दूध प्रकल्पानं ते सुरू केलं होतं. मोजायचं म्हणजे प्रत्येक गाईला चालवून बघायचं आणि एक ते पाचमधला आकडा द्यायचा. एक म्हणजे गाय ठणठणीत. पाच म्हणजे पाय टेकवतच नाही. हे दोन आकडे कुणीही देईल, तुम्हीही द्याल. खरी पंचाईत दोन आणि तीनमध्ये. दोन म्हणजे चालताना पाठ जराशी वर येते, पण उभी राहिली की सरळ होते. तीन म्हणजे उभी असतानाही पाठ वरच, आणि पावलं आखूड. दोन लिहिलं तर गाय पुढच्या फेरीपर्यंत, म्हणजे दोन महिने, तशीच राहणार. तीन लिहिलं तर आठ दिवसांत आमची माणसं लोखंडी खोडा घेऊन जाणार, गाय त्यात उभी करून पाय बांधणार, खूर तासणार आणि आत काही साचलं असेल तर काढणार.

एकाच गाईला दोघांनी बघायचं, आपापल्या वहीत लिहायचं आणि लिहून होईपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही, असा नियम होता. महिनाअखेर बारामतीच्या ऑफिसात दोन्ही वह्या शेजारी ठेवायच्या आणि आकडे जुळतात का ते पाहायचं. आमचे डॉक्टर त्याला जुळणी म्हणायचे. दोघांना एकच दिसलं तर ते खरं. वेगळं दिसलं तर कुणाचंच खरं नाही.

मी पशुधनाची पदविका केलेली. चाचा चौथी शिकलेले, पिढीजात नालबंद. माळेगावला कारखान्याच्या गाडीतळावर ऊस घेऊन आलेल्या बैलांना पत्र्या ठोकण्यात त्यांची तीस वर्षं गेली. बैलाला दोरानं आडवं पाडायचं, चारी पाय बांधायचे आणि खुराला पत्री बसवायची. एक खिळा वाकडा गेला तर बैल हंगामातून उठायचा. पुढे ट्रॅक्टर वाढले, बैलगाड्या कमी झाल्या. आमच्या डॉक्टरांनी त्यांना कुठंतरी खूर तासताना पाहिलं आणि विचारलं, "येता का आमच्याकडे?"

पहिल्या दिवशी मी गाईच्या पायांकडे बघत होते. चाचा म्हणाले, "म्याडम, पाय खोटं बोलतो. मान बघा. दुखरा पाय टेकला की मान वर जाती, एवढीच." त्यांनी बोटाचं पेर दाखवलं.

"पण गाय लंगडत तर नाही," मी म्हटलं.

"न्हाय लंगडत. दुखणं लपवती ती. तिला अजून वाटतं, बांधावर लांडगा बसलाय."

मला ते मानेचं हलणं दिसायचं नाही. खरंच दिसायचं नाही. मी डोळे ताणून बघायची, आणि मला दिसायची ती एक चांगली चालणारी गाय. मी दोन लिहायची, चाचा तीन. एकदा त्यांनी वहीत अडीच लिहिलं. डॉक्टर हसले, पण मग त्यांनी समजावलं, की आपल्या कोष्टकात अर्धा आकडा नाही.

"साहेब, दुखायला लागतं तवा अर्धंच दुखतं की," चाचा म्हणाले.

"बरोबर आहे. पण कागदाला ते कळत नाही."

चाचांनी रबर घेऊन अडीच खोडलं आणि तीन केलं. त्यांचं सगळं असंच असायचं. आकडा वरच्या बाजूला न्यायचा. न दुखणाऱ्या गाईचा पाय एकदा उगाच बांधला गेला तर काही बिघडत नाही, दुखणारी राहिली तर बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या तीन दिलेल्या गाईंचे पाय खोड्यात बांधून तासले, की बहुतेक वेळा आत काहीतरी सापडायचं. कधी काळा ठिपका, कधी रुतलेला खडा, कधी पोकळी. तासणारी माणसं ते मला येऊन सांगायची. मी ऐकून घ्यायची.

तीन महिने झाले आणि डॉक्टरांनी मला एकटीला बोलावलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांच्याही डोक्यावर कुणी बसलेलं होतं.

"तुमची जुळणी होत नाहीये," ते म्हणाले. "त्यांना जास्त दिसतं की तुम्हाला कमी दिसतं, हे मी ठरवू शकत नाही. पण अशा आकड्यांवर प्रकल्प पुढे जाणार नाही. पुढच्या फेरीत सुधारलं नाही, तर दोघांपैकी एक बदलावा लागेल. आणि खरं सांगायचं तर, खुरं तासायला मला चाचा लागणारच आहेत."

पुढचं त्यांनी बोलायची गरज नव्हती.

त्या दिवशी आम्ही भिगवणच्या बाजूला निघालो होतो. स्कूटर मी चालवायची, चाचा मागे बसायचे, दोघांच्या मध्ये वह्यांची पिशवी. वाटेत चहाला थांबलो आणि मला रडू आलं. मी तोंड फिरवलं, पण टपरीवर तोंड फिरवून कुठं जाणार? चाचांनी विचारलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांचं बोलणं. सासरहून आल्याचं. नोकरी आहे तोवर माहेरी कुणी वेडंवाकडं बोलत नाही, हे. भावाच्या लग्नाचं बघतायत आणि घरात परत आलेली बहीण असली की मुलीकडची माणसं दारातूनच वळतात, हे. "ही नोकरी गेली तर मला तिकडंच परत पाठवतील," मी म्हटलं. तिकडं काय होतं तेही थोडं सांगितलं. सगळं नाही.

चाचांनी चहा बशीत ओतला होता. तो तसाच राहिला. मग ते म्हणाले, "चल लेकी, उशीर व्हतोय." त्या दिवसापासून मी 'म्याडम'ची 'लेकी' झाले.

पुढच्या फेरीपासून आमची जुळणी होऊ लागली.

कशी, ते सांगते. गाय चालून गेली की चाचा पेन्सिल हातात घेऊन हळूच विचारायचे, "तुला काय दिसतंय, लेकी?" मी सांगायची. ते मान हलवायचे आणि लिहायचे. नियमाप्रमाणे आधी बोलायचं नव्हतं, पण मला वाटलं, ते मला शिकवतायत. गुरुजी पोराकडून उत्तर काढून घेतात तसं. मी "दोन" म्हटलं आणि त्यांनी मान हलवली, की मला वाटायचं, बरोबर आलं. दोन फेऱ्यांत मला असं वाटू लागलं की मानेचं ते हलणं मलाही दिसतंय. घरी मी आईला सांगितलं, "मला आता गाय वाचता येते."

महिनाअखेर डॉक्टरांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या आणि पेढे मागवले. चाचांनी त्यांचा पेढा रुमालात बांधून माझ्या मुलीसाठी दिला.

एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. चाचांचं "परत चालवा" बंद झालं होतं. गाय एकदा चालायची, ते मला विचारायचे, लिहायचे आणि उठायचे. गोठेवाले खूश होते, लवकर सुटका व्हायची. मीही खूश होते.

डाळजला मालनताईंचा गोठा होता. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार-पाच दिवस घरी. गोठ्याचं सगळं त्या एकट्या बघायच्या. सात गाई, त्यातली चंद्री सगळ्यात दुधाची, कपाळावर पांढरा चट्टा. मालनताईंचा चाचांवर फार विश्वास. एका उन्हाळ्यात त्यांच्या दुसऱ्या एका गाईचं खूर चाचांनी वाचवलं होतं, तेव्हापासून त्या चाचांना विचारल्याशिवाय गोठ्यात नवा कोबासुद्धा घालत नसत.

त्या दिवशी चंद्री हौदापर्यंत चालत आली. पाठ जराशी वर. थांबली, तशी सरळ झाली, निदान मला तसं वाटलं.

"तुला काय दिसतंय?" चाचांनी विचारलं.

"दोन."

चाचा लिहीत नव्हते. चंद्री पाणी पीत होती आणि ते तिच्याकडे बघत होते. मालनताई दावं धरून चाचांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"कशी हाय वो चाचा? सकाळपासनं जरा जड चालती असं वाटतंय."

चाचा काही बोलायच्या आत मीच म्हटलं, "ठीक आहे ताई. दोन आहे. पुढच्या फेरीला बघू."

चाचांनी मान खाली घातली आणि दोन लिहिलं.

तीन आठवड्यांनी मालनताईंचा मला फोन आला. चंद्री मागचा उजवा पाय टेकवत नव्हती. मधल्या काळात गावातल्या कुणीतरी दोन इंजेक्शनं दिली होती, सूज उतरली होती, मग दुप्पट चढली होती. रमजान सुरू होता. चाचा रोजा धरून दुपारच्या उन्हात माझ्या मागे बसून आले. खोडा उभा केला, पाय बांधला, सुरी लावली. पहिल्याच पापुद्र्याखाली वास आला. चाचा तासत गेले, पू वाहत राहिला, आणि ज्या ठिकाणी तो थांबायला हवा होता तिथं थांबला नाही. त्यांनी सुरी ठेवली आणि नुसतं बोट आत घालून पाहिलं.

"सांध्यापतोर गेलंय," ते म्हणाले. मालनताईंना नाही, मला. एवढ्या हळू की मला ओठांवरूनच कळलं.

डॉक्टर आले. ते म्हणाले, मोठ्या दवाखान्यात नेली तर खुराचं ते एक बोट कापून गाय वाचवता येईल, पण एक-दोन दिवसांतच न्यायला हवी. गाईच्या खुराची दोन बोटं असतात, एकावरही ती चालते. मालनताईंनी ओळखीचा एक पिकअपवाला बोलावला.

गाय तीन पायांवर गाडीत उभी ठेवायची तर सोबत तिला धरणारा माणूस लागतो. तो माणूस म्हणजे चाचा. पिकअपवाल्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाजवत मालनताईंना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. चाचांना ते ऐकू आलं नसेल, पण कळलं. ते स्वतःच पुढे आले.

"मी बसत न्हाय. मी बसलो तर गाडी दवाखान्यापतोर पोचायची न्हाय."

"टोपी काढून बसा की," मालनताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काकुळती होती.

"टोपी काढता येती, ताई. नाव इचारत्यात."

चंद्रीला दोर लावून चढवली. मी मागे तिच्याजवळ उभी राहिले. चाचांनी मला दोर कसा धरायचा, कुठं रेटायचं, ती बसायला लागली तर काय करायचं, सगळं दोनदा सांगितलं. गाडी निघाली तेव्हा ते गोठ्याच्या दारात हात पुढे करून उभे होते, दोर अजून त्यांच्याच हातात असल्यासारखे.

भिगवणच्या अलीकडे गतिरोधकावर गाडी आदळली आणि चंद्री कोसळली. मला धरता आली नाही. ती पडली ती चांगल्या मागच्या पायावर. मी ओरडून गाडी थांबवली, रस्त्यावरच्या दोघांना बोलावून आम्ही चौघांनी उचलायचा प्रयत्न केला. ती उठेना. मी डॉक्टरांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "परत न्या. आता पुढे नेण्यात अर्थ नाही."

त्यानंतर चंद्री उभी राहिली नाही.

चाचा रोज यायचे. मी नसले तर एसटीनं भिगवण आणि तिथून मिळेल त्या गाडीनं डाळज. तिच्याखाली वाळू पसरली. दर दोन-तीन तासांनी चौघं मिळून तिची कूस बदलायची, नाहीतर अंगाला जखमा होतात. पोटाखालून शिकाळं बांधून उचलून पाहिलं. लोंबकळत राहायची, पाय टाकायची नाही. चाचा तिच्या मागच्या पायांना तेल चोळत बसायचे, ओठ कोरडे, पाण्याचा घोट नाही. मी म्हटलं, "चाचा, हे आता होणार नाही, तुम्हाला माहिताय." ते म्हणाले, "माझ्या माहिताचं काय घिऊन बसलीस, लेकी."

चौथ्या दिवशी दुपारी मालनताई चंद्रीला हातानं मका भरवत होत्या. मी बादली धरून उभी होते. चाचा पाय चोळता चोळता थांबले.

"ताई," ते म्हणाले, "त्या दिशी मला तीन दिसला व्हता."

मालनताईंना कळलं नाही. "कवा?"

"मागल्या फेरीला. तुमी म्हनला, जड चालती. मला दिसलं व्हतं. मान हलत हुती. मी दोन लिवलं."

मालनताईंचा हात चंद्रीच्या तोंडाशी तसाच राहिला. "मग बोलला का न्हाय?"

चाचा पुन्हा पाय चोळू लागले.

"मी तर तुमच्याच तोंडाकडं बघत हुते त्या दिशी," मालनताई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुमी नुसतं व्हय म्हनला असता तर मी खोडा मागिवला असता. बोलला का न्हाय, चाचा?"

तेव्हा मला सगळं कळलं. सगळ्या फेऱ्या, सगळं मान हलवणं, रुमालातला पेढा. मी तिथं बादली धरून उभी होते, चार हातांवर. चाचांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझं नाव घेतलं नाही. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले. आणि मीही बोलले नाही. मी बादली खाली ठेवली, पुन्हा उचलली, आणि हौदाकडे पाणी आणायला गेले. तुम्ही मला विचाराल, का. त्या वेळी मला माझी मुलगी दिसली, असं मी नंतर स्वतःला बरेच दिवस सांगितलं. पण तेही पुरतं खरं नाही. मी भ्याले होते, एवढंच.

मालनताई त्या दिवशी चाचांशी पुन्हा बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. पण त्या दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायला आला तेव्हा त्यांनी घरातून तांब्याभर पाणी आणि केळी आणली, चाचांच्या शेजारी वाळूवर ठेवली आणि न बोलता आत गेल्या. चाचांनी तांब्या उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. मग उचलून प्याले. पाणी दाढीवरून सांडलं.

नवव्या दिवशी सकाळी चंद्री गेली. जेसीबी बोलावून उजनीच्या पाण्याकडच्या रानात खड्डा घेतला. मालनताईंनी तिला हळदकुंकू लावलं. चाचा लांब बांधावर उभे राहिले. जवळ या, असं त्यांना कुणी म्हटलं नाही, आणि जवळ येऊ नका असंही कुणी म्हटलं नाही.

दोन दिवसांनी चाचा ऑफिसात गेले. मीही होते. त्यांनी त्यांची वही टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, ह्यातलं मागल्या दोन फेऱ्यांचं सगळं खोडा. मला दिसलं ते मी लिवलं न्हाय."

"म्हणजे? मग काय लिहिलंत?"

"दुसरं लिवलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाटलं, ते मला शिकवतायत," मी म्हटलं.

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकं सहज तोंडातून आलं. चाचांनी मान हलवली, माझं बरोबर आहे म्हणून. डॉक्टर बराच वेळ वहीची पानं चाळत राहिले, मग त्यांनी ती कपाटात ठेवली. चाचांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. खुरं तासायलाही नाही. चाचा उठले, दाराशी चपला घातल्या. जाताना मला म्हणाले, "गाडी हळू चालव." बस.

त्यांच्या जागी दुसरा माणूस आला, माझ्यासारखीच पदविका केलेला. त्याची आणि माझी जुळणी पहिल्या दिवसापासून छान होती. त्यालाही मान दिसत नव्हती.

गोठ्यांतून बातमी पसरली. पदरचं घालून, वाढवून सांगितली गेली. कुणी म्हणालं, चाचांनी मुद्दाम केलं. कशासाठी मुद्दाम, ते कुणी विचारलं नाही. पूर्वी वाट बघणाऱ्या गोठ्यांनी त्यांना खूर तासायला बोलावणं थांबवलं. मी ऐकायची आणि वहीत आकडे लिहायची.

पाच-सहा महिन्यांनी, भावाचं लग्न होऊन गेल्यावर, मी डॉक्टरांकडे गेले आणि टपरीवरच्या चहापासूनचं सगळं सांगितलं. वाटलं होतं, ते चिडतील, मला काढतील. मी तयारीनं गेले होते.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "मला अंदाज होता," ते म्हणाले. "इतकी चांगली जुळणी कधी येत नसते."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. मालनताईंना चाचांनी दिलं नव्हतं, तसंच. मी नोकरीत राहिले.

मी चाचांना भेटायला जायची. बारामतीत रस्त्याला लागून त्यांच्या मुलाचं पंक्चरचं दुकान आहे. समोरून सारखी रहदारी, उसाच्या गाड्या, चरायला निघालेल्या गाई. चाचा दुकानात बसलेले असायचे, पण खुर्ची आतल्या भिंतीकडे तोंड करून. भिंतीवर टायरांच्या ट्यूब टांगलेल्या, त्यांच्याकडे बघत. पहिल्यांदा मला वाटलं, उन्हामुळे. मुलगा म्हणाला, "न्हाय. तोंड तिकडं केलं की रस्त्यावरच्या जनावरांकडं बघत बसत्यात, आन् मग रात्रभर झोप न्हाय."

ते माझ्या मुलीची चौकशी करायचे. शाळेत जाती का, जेवती का. गाईंबद्दल एक शब्द नाही. मी एकदा म्हटलं, "चाचा, मी डॉक्टरांना सांगितलं सगळं. मालनताईंनाही सांगणार आहे."

ते म्हणाले, "नको. तिचं येकावरचं मन उडालं, तेवढं पुरं."

शेवटच्या खेपेला मी बसले होते आणि मागून रस्त्यानं एक गाय गेली. कुणीतरी दावं धरून चालवत होतं. मी वळून पाहिलं. डांबरावर तिचा पाय पडत होता आणि दर तिसऱ्या-चौथ्या पावलाला मान वर जात होती. एवढीच, बोटाच्या पेराएवढी. मला दिसली. आयुष्यात पहिल्यांदा मला ती स्पष्ट दिसली. मी उठले, धावत जाऊन त्या माणसाला गाठलं. तो म्हणाला, "चांगली चालती की." मी त्याला सोडलं नाही. त्यानं दावं आखडून धरलं, मी गाईचा पाय गुडघ्यावर घेतला, आणि खुराच्या बेचक्यात रुतलेली काच निघाली.

ती काच हातात घेऊन मी परत आले. चाचांना दाखवायची होती. खुर्ची रिकामी होती.

"आत जाऊन पडलेत," मुलगा म्हणाला. तो हात पुसत बाहेर आला आणि माझ्यासमोर उभा राहिला, दाराच्या मध्ये. चांगला मुलगा आहे, कधी चढ्या आवाजात बोललेला नाही. "ताई, येक सांगू का? राग मानू नका. तुमी हितं येत जाऊ नका. तुमी येऊन गेल्या की अब्बा दोन-दोन दिवस जेवत न्हाईत."

मी होय म्हटलं. आत पडद्याच्या फटीतून चटईवर त्यांचे पाय दिसत होते, टाचांना भेगा पडलेले, एकावर एक ठेवलेले. मी हाक मारली नाही. त्या पावसाळ्यात ते गेले, आणि मला ते आठ दिवसांनी कळलं.